सामाईक कागद

सांगोला हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. आज ते डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव एका कागदामुळे येते. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात निवर्तले आणि रामराजे छत्रपती झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १७५० च्या सप्टेंबरात, सांगोल्याच्या मुक्कामी एक करार झाला. राज्याच्या कारभाराची सूत्रे त्या कराराने पेशव्यांच्या हाती गेली. एवढी मोठी घडामोड, परंतु तिचा आधार काय? काळ्या शाईने लिहिलेला कागद!

त्या काळी असा कागद तयार करणे हे सोपे काम नव्हते. कारकून गुडघा मोडून बसे, बोरू शाईत बुडवी आणि मोडी लिपीत झरझर लिहू लागे. मोडीचा मोठा गुण असा, की बोरू फारसा न उचलता ओळच्या ओळ लिहिता येते. ओली शाई टिपण्यासाठी अक्षरांवर बारीक वाळू टाकीत. आधी मसुदा होई. तो वाचून दाखविला, की कोणी म्हणे, 'हा शब्द गाळा', कोणी म्हणे, 'येथे एक कलम वाढवा'. मग खाडाखोड होई आणि खाडाखोड झालेला कागद सरकारी शिक्क्याच्या योग्यतेचा राहत नसे. म्हणून सबंध मजकूर पहिल्यापासून पुन्हा उतरून काढावा लागे. जितक्या ठिकाणी कागद धाडावयाचा, तितक्या वेळा नक्कल. शेवटी पत्राच्या अखेरीस एक लहानसा शिक्का उमटवीत. त्यास मर्यादामुद्रा म्हणत. लेखनाची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी मागाहून अक्षर घुसडले तर ते खोटे समजावे, असा त्या मुद्रेचा अर्थ होता. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरही अशी मुद्रा आढळते. लिहिलेल्या मजकुरात कोणी गुपचूप फेरफार करील, ही चिंता किती जुनी आहे हे यावरून ध्यानात येईल.

चिंता केवळ लबाडीची नव्हती. प्रामाणिक माणसाच्या हातूनही चुका होतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनीच उतरून घेतली गेली. एकाने एक शब्द चुकीचा वाचला, दुसऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे 'सुधारला', तिसऱ्याने समासातील टीप मूळ ओवी समजून आत ओढून घेतली. असे होता होता प्रतीप्रतींत फरक पडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहून ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. कोणता शब्द केव्हा आणि कोणी बदलला, याची नोंद त्यांच्यासमोर कोठेही नव्हती. केवळ आपल्या विद्वत्तेच्या बळावर त्यांना निवाडा करावा लागला. नाथांच्या या परिश्रमांची कल्पना आज आपणांस सहजासहजी येणार नाही.

चुकांपेक्षाही भयंकर गोष्ट म्हणजे एकुलती एक प्रत नाहीशी होणे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात, १९१० च्या अखेरीस आणि १९११ च्या प्रारंभी, पेन्सिलीने लिहिले. सुटे कागद त्यांना मिळत नसत. पाने मोजलेल्या बांधीव वह्या मिळत. जून १९१४ मध्ये लोकमान्य सुटून पुण्यास आले. परंतु वह्या मात्र सरकारच्या ताब्यात राहिल्या. त्या परत मिळतात की नाही, या शंकेने मित्र व्याकूळ झाले. लोकमान्य मात्र शांत होते. वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढू, असा धीर त्यांनी सर्वांना दिला. सुदैवाने वह्या परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण सर्वांची स्मरणशक्ती लोकमान्यांसारखी कोठे असते? सामान्य माणसाची वही हरवली, की त्याचे लेखन हरवलेच.

छापखान्याने नक्कल करण्याचे कष्ट वाचविले. तथापि मराठीचा एकेक खिळा उचलून ओळ जुळविणाऱ्या जुळाऱ्यापुढे शेकडो खान्यांची पेटी असे. कारण काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून देवनागरीचा पसारा फार मोठा. मागाहून टंकलेखन यंत्र आले. त्यावर जेमतेम नव्वदेक चिन्हे मावत. म्हणून अर्धी अक्षरे आणि काने यांची सांगड घालून शब्द उभे करावे लागत. कार्बनचा कागद घालून तीन-चार प्रती एकदम निघत हे खरे; पण एक अक्षर चुकले तर प्रत्येक प्रत खोडरबराने खरवडावी लागे. कचेऱ्यांत आणि न्यायालयांच्या आवारात या यंत्रांची टकटक कित्येक दशके ऐकू येत असे.

संगणक आला तेव्हा खोडण्याचे दुःख संपले. पडद्यावरचा शब्द पुसला तर डाग राहत नाही, परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला तर कातर आणि डिंक लागत नाही. परंतु मराठीच्या वाट्यास एक निराळेच संकट आले. संगणकास अक्षर कळत नाही. त्यास केवळ आकडा कळतो. कोणत्या आकड्याचे कोणते मराठी अक्षर, हे ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे ठरविले. परिणाम असा, की एका संगणकावर 'सांगोला' म्हणून लिहिलेला शब्द दुसऱ्यावर उघडला, तर तेथे चौकोन, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरे यांची खिचडी दिसे. पत्र पोहोचले, पण वाचता येईना!

या गोंधळावर उपाय शोधण्याच्या कामी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी संगणकाची साधने घडविली. १९९१ साली भारतीय लिप्यांची एक प्रमाण संकेतावली भारत सरकारच्या मानक संस्थेने मान्य केली. त्याच वर्षी 'युनिकोड' ही जगातील सर्व लिप्यांसाठीची संकेतावली प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतीय संकेतावलीच्याच आधाराने झालेली आहे. आता 'क' चा क्रमांक २३२५ आणि आपल्या लाडक्या 'ळ' चा २३५५. हे क्रमांक सांगोल्यात तेच, जपानात तेच आणि अमेरिकेतही तेच. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांत दिसणारा मराठीचा तो आडवा, तलवारीसारखा र लिहिता यावा, यासाठीही या यादीत सोय आहे. एवढ्या मोठ्या जगाच्या यादीत मराठीच्या एका वळणाला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे.

अक्षरांचा प्रश्न असा सुटल्यावर उरला तो कागदाचा. संगणकातील लेखन त्या एकाच संगणकात बंद असे. ते दुसऱ्यास द्यावयाचे म्हणजे त्याची नक्कल पाठवावी लागे. त्याने दुरुस्त्या करून परत पाठविली, तोवर इकडे मूळ प्रतीत आणखी काही बदल झालेले असत. मग खरी प्रत कोणती? पुनः ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांचाच प्रकार. यावर तोड अशी निघाली, की नकला पाठवूच नयेत. कागद एकाच ठिकाणी ठेवावा आणि सर्वांनी आंतरजालाच्या मार्गे तेथे येऊन लिहावे. अशा साधनास ऑनलाइन वर्ड प्रोसेसर म्हणतात.

ही कल्पना दिसते तितकी नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट या शास्त्रज्ञाने मोठ्या सभेपुढे एक प्रयोग करून दाखविला. सुमारे ४८ किलोमीटर दूर असलेल्या सहकाऱ्याबरोबर त्याने एकाच पडद्यावरील मजकुरावर काम केले. लोक चकित झाले. पुढे दोघांनी एकाच क्षणी लिहिले तर काय करावे, ही अडचण मात्र बराच काळ राहिली.

ती अडचण कोणती, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. पडद्यावर तीन शब्द आहेत : 'पाऊस पडला नाही'. एका मुलीने प्रारंभी 'त्या वर्षी' हे दोन शब्द घातले. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या गावातील मुलाने तिसरा शब्द पुसून त्या जागी 'नव्हता' लिहिले. त्याच्या पडद्यावर तिसरा शब्द 'नाही' हा होता. परंतु मुलीचे दोन शब्द आल्यामुळे आता तिसरा शब्द 'पाऊस' हा झाला आहे! यंत्राने आंधळेपणाने आज्ञा पाळली, तर पाऊसच पुसला जावयाचा आणि 'त्या वर्षी नव्हता पडला नाही' असे काहीतरी विचित्र वाक्य उरावयाचे. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या दोन संशोधकांनी १९८९ साली यावर युक्ती सुचविली. पुढे दोन शब्द आले, तेव्हा मुलाची 'तिसरा' ही खूण यंत्राने स्वतःच 'पाचवा' अशी बदलून घ्यावी. मग दोघांच्याही पडद्यावर एकच वाक्य दिसते : 'त्या वर्षी पाऊस पडला नव्हता'. युक्ती ऐकल्यावर सोपी वाटते; परंतु सुचेपर्यंत ती सोपी नव्हती. २००५ साली रायटली आणि चेन्नईच्या कंपनीचा झोहो रायटर ही अशी साधने लोकांपुढे आली. रायटली २००६ साली गूगलने विकत घेतले आणि त्यातूनच आजचे गूगल डॉक्स उभे राहिले.

आता या साधनाचा उपयोग सांगोल्यासारख्या ठिकाणी कसा होईल, याची कल्पना करून पाहू.

समजा, सांगोल्यातील एका शाळेच्या सातवीच्या वर्गाने आपल्या वार्षिक हस्तलिखितासाठी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा करण्याचे ठरविले. माणदेशाला दुष्काळ नवा नाही; पण त्या वर्षाचे नाव काढले, की म्हातारी माणसे आजही क्षणभर गप्प होतात. विहिरी आटल्या होत्या. स्त्री-पुरुष रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडण्यास जात. मुलांना सुकडी वाटली जाई आणि परदेशातून आलेली मिलो नावाची लालसर ज्वारी लोक खात. हे सारे प्रत्यक्ष भोगलेली माणसे आता थोडी उरली आहेत. प्रत्येक वर्षी त्यांतील काही कमी होतात. वहीत नंतर सावकाश लिहू म्हणून थांबावे, इतका वेळ या कामात नाही.

वर्गातील मुले निरनिराळ्या वाड्यावस्त्यांवर राहतात. त्यांच्यातील एक मुलगी आईवडिलांबरोबर कोइमतूरला गेली आहे. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी माणदेशातील आणि शेजारच्या खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे अशी दूरदूरच्या शहरांत राहतात. तिची आजी तिच्यापाशीच आहे आणि त्या आजीने १९७२ साली खडी फोडलेली आहे. जुन्या काळी या मुलीचे नाव वर्गाच्या हस्तलिखितात येण्याचा संभव नव्हता. आता शिक्षकांनी सामाईक कागदाचा दुवा पाठविला, की ती कोइमतूरहून आणि बाकीची मुले आपापल्या घरून त्याच पानावर लिहू लागतात. प्रत्येकाची लहानशी रंगीत खूण पडद्यावर लुकलुकते आणि कोण कोठे लिहीत आहे ते सर्वांना दिसते. मजकूर जतन करण्याची आठवण ठेवावी लागत नाही. लिहिता लिहिता तो आपोआप साठविला जातो. मध्येच वीज गेली, तरी लिहिलेले बहुतेक सारे शाबूत राहते. घरात संगणक नसेल तर वडिलांच्या फोनवरूनही लिहिता येते. ज्यास कळफलक जमत नाही, त्याने स्पष्ट मराठीत बोलावे. ते ऐकून अक्षरे उमटविण्याचीही सोय आहे. मात्र असे उमटलेले लेखन डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते.

कोइमतूरची मुलगी आजीचे शब्द जसेच्या तसे उतरविते : 'म्या खडी फोडली. हाताला फोड आलं. मिलोची भाकर नरड्याखाली उतरत न्हवती.' रात्री वर्गातील एक हुशार मुलगा ते वाचतो. त्याचे शुद्धलेखन वर्गात सर्वांत चांगले. पडद्यावर 'न्हवती'खाली लाल नागमोडी रेघ आलेली पाहून त्यास राहवत नाही. तो लिहितो : 'मी खडी फोडली. हातांना फोड आले. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नव्हती.' त्याचा हेतू वाईट नाही. पण सकाळी मुलगी पान उघडते, तो काय? आजी तेथे नाहीच! कोणी परक्याच बाई बोलत आहेत.

कागदाच्या वहीत ही गोष्ट येथेच संपली असती. खोडलेले गेले ते गेले. परंतु या साधनात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्यातून कोणता शब्द गेला आणि कोणता आला, हे मागे जाऊन पाहता येते आणि जुनी प्रत एका क्षणात परत आणता येते. जुन्या दप्तरांतील मर्यादामुद्रेचे काम येथे हा इतिहास करतो, असे म्हटल्यास चूक होणार नाही. मुलगी आजीचे शब्द परत आणते. शिक्षक समासात टीप लिहितात, की ज्याचे बोलणे आहे त्याचे शब्द अवतरणात तसेच ठेवावेत. आपले म्हणणे प्रमाण मराठीत लिहावे. तो मुलगाही समासातच उत्तर देतो, 'चूक झाली'. यापुढे तो एकदम बदल न करता 'सूचना' म्हणून लिहू लागतो. सूचना वेगळ्या रंगात दिसते आणि ती स्वीकारावी की नाही, हे ज्याचे लेखन त्याने ठरवावयाचे असते. ही सूचनेची रीत वर्गातील बोलण्यातही आली, तर किती बरे होईल!

या साधनात उणिवा नाहीत असे नाही. आंतरजाल नसेल तेथे ते लंगडे पडते. आधी तजवीज करून ठेवली असेल तरच जोडणीविना लिहिता येते आणि जोडणी मिळाल्यावर मजकूर जुळवून घेतला जातो. कागदाचा दुवा कोणाच्याही हाती पडू दिला, तर कोणीही येऊन पुसून जाईल. म्हणून कोणी केवळ वाचावे, कोणी सूचना कराव्यात आणि कोणी लिहावे, हे प्रारंभीच नेमून द्यावे लागते. पासवर्ड मित्रासही सांगू नये. शिवाय हा कागद आपल्या कपाटात नसतो, दूरच्या कंपनीच्या यंत्रांत असतो. खाते बंद झाले किंवा पासवर्ड विसरला, तर दाराबाहेर उभे राहण्याची पाळी येते. म्हणून लहान मुलांनी शाळेच्या किंवा पालकांच्या देखरेखीखालीच असे खाते वापरावे, कोणाचा पत्ता किंवा फोन नंबर त्यात लिहू नये आणि काम पुरे झाले, की एक प्रत आपल्या संगणकात व एक कागदावर छापून ठेवावी. लाल रेघेवरही फार विसंबू नये. यंत्राच्या शब्दसंग्रहात नाहीत असे कितीतरी अस्सल मराठी शब्द माणदेशाच्या बोलीत आहेत.

हस्तलिखित पुरे होते. खरे म्हणजे त्यास हस्तलिखित म्हणावे की नाही, यावरही वर्गात वाद होतो. अखेर मुखपृष्ठ हाताने रंगवावे आणि शीर्षके बोरूने काढावीत, असे ठरते. छापण्यापूर्वी कोइमतूरची मुलगी तो मजकूर आजीस मोठ्याने वाचून दाखविते. आजी शेवटपर्यंत ऐकून घेते. मग म्हणते, "समदं लिवलं, पर बैलांचं लिवलंच न्हाई. चारा न्हवता, म्हनून खिलारी जोडी इकली त्येंनी. त्या दिशी घरात कुनी जेवलं न्हाई."

मुलगी पान पुन्हा उघडते आणि आजीच्या शेवटच्या वाक्यापुढे खूण नेऊन ठेवते. तिकडे सांगोल्यात दोन-तीन मुलांच्या पडद्यांवर तिची रंगीत खूण लुकलुकू लागते, आणि हात आवरून ती मुले एकेक अक्षर उमटताना पाहत राहतात.